भाषेच्या तासाला कार्यशाळा: मुलं शिकतात की नुसती लिहीत बसतात?

खडूफळा:
भाषेचा तास कार्यशाळेसारखा चालवा, असा आग्रह बराच ऐकू येतो. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: सुरुवातीची दहाएक मिनिटं शिक्षक एकच गोष्ट करून दाखवतात. मग प्रत्येक जण आपल्या पसंतीचं पुस्तक वाचतो किंवा आपल्याच विषयावर लिहितो. शिक्षक एकेकाजवळ बसून बोलतात. शेवटी पाच मिनिटं दोघं-तिघं आपलं लिखाण वाचून दाखवतात.

ऐकायला झकास. पण ज्यांना आधीच येतं त्यांचीच यात मजा होते, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीची मागे पडतात, आणि सगळेच माना खाली घालून बसलेले असल्यामुळे मागे पडलेली दिसतही नाहीत. साधा हिशोब करा. ४५ मिनिटांचा तास, त्यातून सुरुवातीची १० आणि शेवटची ५ गेली. उरली ३०. एकाला ५ मिनिटं धरली तर दिवसाला ६ मुलं. वर्गात ३६ असतील तर एकाची पाळी सहा दिवसांनी एकदा. तोवर तो चुकतोय ते कोण सांगणार? त्यापेक्षा सगळ्यांना एकदम, नीट, पायरीपायरीने शिकवा.

कोरं पान:
साफ असहमत. एकदम शिकवताना तरी पाळी कधी येते? निबंध तपासून येतो, मूल गुण बघतं, वही मिटतं. लाल शाईतलं किती जण वाचतात?

लेखनाचे अमेरिकन शिक्षक डोनाल्ड मरे यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की लेखन शिकवायचं ते तयार मालासारखं नाही, प्रक्रिया म्हणून. पुढे संशोधक डोनाल्ड ग्रेव्हज प्राथमिकच्या मुलांशेजारी बसून ती प्रत्यक्षात कशी लिहितात हे पाहत राहिले. कच्चा मसुदा, पुन्हा लिहिणं, मध्येच कुणाला तरी दाखवणं, लिहिणारी मोठी माणसं हेच करतात. मुलांकडून मात्र आपण एका बैठकीत पक्कं हवं म्हणतो.

आणि त्या पाच मिनिटांत काय होतं ते बघा. समजा, एका मुलाने चोरीला गेलेल्या सायकलबद्दल पानभर लिहिलंय. कधी घेतली, रंग कोणता, घंटी कशी. अगदी शेवटी एक ओळ: कुलूप मीच लावलं नव्हतं. शिक्षक एवढंच विचारतात, "यातलं तुला सगळ्यात जास्त काय सांगायचंय?" तो त्या ओळीवर बोट ठेवतो. "मग ती इतकी खाली का?" संपलं. उरलेलं काम त्याचं. हे फळ्यावरून सगळ्यांना एकदम कसं सांगणार? प्रत्येकाची दडलेली ओळ वेगळी असते.

आकडेमोड:
दोघांनाही थोडं सुख, थोडं दुःख देतो. ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. आखणी कशी करायची, दुरुस्ती कशी करायची हे उघडपणे शिकवलं तर परिणाम ०.८२ (या मापात शून्य म्हणजे काहीच फरक नाही, उणे म्हणजे नुकसान), म्हणजे दणदणीत. कार्यशाळेच्या जवळ जाणाऱ्या प्रक्रिया-पद्धतीचा ०.३२. आणि लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा चक्क उणे ०.३२.

त्यातही मेख अशी की शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं होतं तिथे ती बरी चालली, नव्हतं तिथे परिणाम जवळजवळ शून्य. म्हणजे वर्तुळात बाकं लावली की कार्यशाळा झाली, असं नाही.

खडूफळा:
आकडेमोड, ०.८२ मोठा की ०.३२ हे तुम्हीच सांगितलंत, आभार!

आता वाचनाकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ल्युसी कॅल्किन्स यांचा कार्यशाळा-पद्धतीचा वाचन-लेखन प्रकल्प १९८१ पासून चालला, हजारो शाळांत पोचला. त्यात अडलेल्या शब्दाला चित्र बघ, संदर्भावरून अंदाज कर, असं सुचवलं जायचं. अक्षर-ध्वनीचं नातं पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीचा अहवाल २००० मध्येच आला होता. प्रकल्पाने आपल्या साहित्यात ठळक बदल केले ते २०२२ मध्ये, आणि २०२३ मध्ये कॉलेजने तो बंद करायचं ठरवलं. मधली वीस वर्षं अंदाजाने वाचणाऱ्या मुलांचं काय?

कोरं पान:
अंदाजाने वाचायला लावणं चूकच होतं, त्याची वकिली मी करणार नाही. पण तो दोष काय शिकवलं याचा आहे. त्या दहा मिनिटांत अक्षर-ध्वनी शिकवायला कुणी बंदी घातली होती? नॅन्सी ॲटवेल या अमेरिकन शिक्षिकेने सातवी-आठवीच्या मुलांना हवं ते वाचू देऊन वाचनाची गोडी लावली. २०१५ चं पहिलं जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना उगाच नाही मिळालं.

खडूफळा:
पारितोषिक हा पुरावा नव्हे. आणि सातवीतल्या मुलाला वाचता येतं हे तिथे गृहीतच आहे.

जोडाक्षर:
एक शंका. हा सगळा वाद इंग्रजी स्पेलिंगच्या घोळातून आलेला आहे. देवनागरीत मूळाक्षरं आणि काना-मात्रा एकदा बसल्या की उच्चार बहुतांशी समोर असतो. अडतं ते जोडाक्षरांत आणि रफारात. नंतर अडतं ते वेगात आणि शब्दसंग्रहात. तिथे भरपूर वाचण्याला पर्याय नाही. तेव्हा तिकडचं भांडण जसंच्या तसं इकडे आणू नका.

शेवटचं बाक:
मला वेगळीच भीती. मुलं एकमेकांचं वाचून 'छान आहे' म्हणतात आणि गप्पा मारत बसतात. त्यावर उपाय एकच चालतो: मत द्यायचंच नाही. तुला काय समजलं ते एका वाक्यात सांग आणि कुठे अडखळलास ते दाखव. एवढंच. तेही आधी शिक्षकांनी कुणाबरोबर तरी सगळ्यांसमोर करून दाखवावं लागतं. पुस्तक उघडं धरून पानं उलटणाऱ्यांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

खडूफळा:
बघा, करून दाखवावं लागतं! मी वेगळं काय म्हणतोय? चौथीनंतर, फक्त लेखनापुरती कार्यशाळा मला चालेल. त्याआधी नाही.

कोरं पान:
चौथीपर्यंत मनातलं लिहायचंच नाही? पहिलीतलं मूल जेव्हा आवाज ऐकत ऐकत एकेक अक्षर उमटवतं, तेव्हा तुमचं अक्षर-ध्वनीच पक्कं होत असतं. शुद्धलेखन चुकेल. चुकू द्या, ते नंतर सुधारता येतं.

खडूफळा:
चुकीचं वळणही तितकंच पक्कं होतं.

शेवटचं बाक:
तुमचं चालू द्या, पण गुण कसे द्यायचे ते कुणीतरी सांगा. शेवटी विचारणा त्याचीच होते.

कोरं पान:
मसुद्यांना गुण नाहीत. लिहिलेल्यातलं कोणतं तपासायला द्यायचं हे मुलाने निवडायचं, का निवडलं ते दोन ओळींत लिहायचं, आणि गुण फक्त त्याला.

खडूफळा:
आणि ज्याच्याकडे निवडायला एकच अर्धवट पान आहे त्याचं काय? मी त्याच्याबद्दलच बोलतोय पहिल्यापासून.