संमतीने घटस्फोट: खरं काम कन्सेंट टर्म्सचं

दोघं राजी असताना घटस्फोटाला वकील कशाला, असं अनेक जण विचारतात. अर्ज सोपाच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात. मुख्य अट, वर्षभर विभक्त. एकाच घरात राहूनही पती-पत्नीसारखं नांदत नसाल तर चालतं (मुंबईत दुसरं घर परवडतं कुणाला!). अर्ज केल्यावर थांबायचे सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण त्या माफीसाठी साधारणपणे अर्जाआधीच दीड वर्ष विभक्त असावं लागतं आणि पोटगी, मुलांचा ताबा यांवर तडजोड झालेली हवी.

गाडी अडते ती कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींमध्ये. ‘फ्लॅट पत्नीला’ एवढंच लिहिलं तर दोघांच्या नावावरच्या कर्जाचं काय? बँक तुमच्या तडजोडीला बांधील नसते, हप्ते थकले की दोघांनाही धरते. कर्ज कोण, कधी फेडणार, रिलीज डीड (हक्कसोडपत्र) कधी नोंदवणार, सोसायटीत नाव कधी बदलणार, तारखांसकट लिहा. ‘४९८-अ मागे घेईन’ (पती-सासरच्यांनी छळ केल्याची फौजदारी तक्रार; जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) हेही अपुरं. एफआयआर उच्च न्यायालयातूनच रद्द करून घ्यावा लागतो. आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्यापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून ठरलेली सगळी रक्कम आधी देऊ नका. शेवटचा डिमांड ड्राफ्ट अंतिम तारखेला कोर्टातच द्या.