मदत हवी आहे : एलईडीच्या चार ओळींचा करंट बेरजेला जुळत नाही

झुळूक :
ओट्यावर लावायला एलईडीचा दिवा घरीच केलाय. एक वॉटचे पांढरे एलईडी, तीन-तीनच्या चार ओळी. एकेक ओळ वेगळी लावून करंट मोजला की ०.२३ अँपिअर येतो. चारही एकदम लावल्या की ०.७८. खरं तर ०.९२ यायला हवं ना? मग उरलेला करंट जातो कुठे? उद्या सकाळी सुतार फळी बसवणार आहे. एकदा फळी बसली की मागे हात जाणार नाही. कृपया लवकर सांगा.

सह्यकडा :
सप्लाय किती व्होल्टचा? रेझिस्टर आहे का, आणि किती ओहमचा? मीटर कुठलं, लाल वायर कुठल्या भोकात घातलीत? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

झुळूक :
१२ व्होल्टचा अडॅप्टर, सीसीटीव्हीचा. रेझिस्टर अर्थातच आहे, प्रत्येक ओळीला १० ओहम, २ वॉट. मीटर नेहमीचं पिवळं, डीटी-८३० डी. करंट मोजायचाय म्हणजे १० अँपिअरच्याच भोकात असणार.

पाटीलवाडा :
एवढा खटाटोप कशाला? १२ व्होल्टची तयार पट्टी मिळते, मागचा कागद काढा आणि चिकटवा. आमच्या ओट्याला तीच आहे, छान चालते.

अनु२२ :
पाटीलदादा, त्या पट्टीतही तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असेच तुकडे जोडलेले असतात. ताईंनी तेच जास्त ताकदीच्या एलईडीवर केलंय. आणि प्रश्न करंटचा आहे.

जुना रेडिओ :
रेझिस्टर काढून टाका. एलईडीला कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणारा करंटच हवा. एलएम ३१७ हा रेग्युलेटर आयसी घ्या, आउटपुट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये ६.२ ओहम लावा. १.२५ भागिले ६.२, म्हणजे २०० मिलीअँपिअर. मी कित्येक दिवे असे केले आहेत. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ कुठल्याही दुकानात मिळेल.

सह्यकडा :
काका, १२ व्होल्टवर तीन एलईडींना ते जमायचं नाही. तीन एलईडी साडेनऊ व्होल्टच्या आसपास खातात, उरतात अडीच. एलएम ३१७ला स्वतःसाठी आणि त्या रेझिस्टरसाठी मिळून साधारण तीन व्होल्ट लागतात. ओळीत दोनच एलईडी असते तर गोष्ट वेगळी.

जुना रेडिओ :
मग १५ व्होल्टचा अडॅप्टर घ्यायचा. पद्धत योग्यच आहे.

कोकणकाठ :
क्लॅम्प मीटर वापरा, वायर तोडावीच लागत नाही.

अनु२२ :
साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. डीसीसाठी हॉल सेन्सरवाला लागतो आणि तो महाग असतो. एका दिव्यासाठी कोण घेणार?

झुळूक :
मला अडॅप्टर, आयसी, क्लॅम्प यातलं काहीच बदलायचं किंवा घ्यायचं नाहीये. ०.७८ का येतं, एवढंच विचारलंय.

सह्यकडा :
अडॅप्टरपासून दिव्यापर्यंत वायर कुठली आणि किती लांब?

झुळूक :
१४/३८, लाल-काळी. अडॅप्टर फ्रिजमागे आहे, तिथून ओट्यापर्यंत चार मीटर होईल. त्याचा काय संबंध?

सह्यकडा :
तिथेच उत्तर आहे. १४/३८ म्हणजे ३८ गेजच्या १४ तारा, सगळं मिळून पाव चौरस मिलिमीटर तांबं. जाऊन-येऊन आठ मीटर धरलं तर अर्धा ओहम झाला. त्यात या मीटरच्या बारीक लीड्स, म्हणजे त्याच्या लाल-काळ्या वायरी, आणखी थोडी भर घालतात. एका ओळीचा करंट जातो तेव्हा वायरमध्ये जेमतेम एक दशांश व्होल्ट पडतो. चारही ओळींचा करंट त्याच वायरमधून जायला लागला की जवळपास चौपट पडतो. रेझिस्टरच्या वाट्याला मुळात दोन-सव्वादोन व्होल्ट, त्यातून एवढे गेले की प्रत्येक ओळीचा करंट उतरणारच. करंट कुठे हरवलेला नाही, तो निघालाच कमी.

शिवाय १० अँपिअरच्या रेंजवर हे मीटर ०.०१च्या टप्प्याने दाखवतं. ०.२३ म्हणजे ०.२२ किंवा ०.२४सुद्धा असू शकतो. त्याला चारने गुणलंत की चूकही चौपट. २०० मिलीअँपिअरच्या रेंजवर मात्र जाऊ नका, आतला फ्यूज उडेल.

मीटर सर्किटमधून काढाच. चारही ओळी चालू ठेवून प्रत्येक १० ओहमच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा आणि दहाने भागा. तोच त्या ओळीचा खरा करंट. त्याआधी लाल लीड १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. तशीच ठेवून अडॅप्टरच्या टोकांना लावलीत तर सरळ शॉर्ट होईल, त्या भोकाला फ्यूज नसतो.

जुना रेडिओ :
अडॅप्टरचाच व्होल्टेज बसत असेल. स्वस्तातले २ अँपिअर लिहितात आणि एकालाच मान टाकतात.

सह्यकडा :
असू शकतं. म्हणून अडॅप्टरच्या टोकाला आणि दिव्याच्या टोकाला, दोन्हीकडे दिवा चालू ठेवून व्होल्ट बघा.

झुळूक :
मोजलं. रेझिस्टरवर २.०३, २.०५, २.०१, २.०६. अडॅप्टरला १२.०, दिव्याजवळ ११.५६.

अनु२२ :
म्हणजे एकूण ८१५ मिलीअँपिअर. मीटर मध्ये होतं तेव्हा ७८०, तो फरक लीड्सचा. अडॅप्टर निर्दोष आहे. ओळीही एकमेकींशी छान जुळतात, सोल्डर नीट झालंय.

झुळूक :
घरात वायरिंगची १ चौरस मिलिमीटर वायर पडली होती, ती लावली. आता दिव्याजवळ ११.८७ आणि रेझिस्टरवर २.२८च्या आसपास. उजेडही किंचित वाढला. फळी बसवू ना?

सह्यकडा :
अर्धा तास चालू ठेवून परत मोजा. एलईडी तापले की त्यांचा व्होल्टेज उतरतो आणि तेवढा भार रेझिस्टरवर येऊन करंट चढतो. एक वॉटच्या एलईडीची मर्यादा ३५० मिलीअँपिअर, त्याच्या बराच खाली राहिला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला बोट टेकवता आलं, तर बसवा.

कोकणकाठ :
हाच दिवा यूपीएसच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट फार जाते.

सह्यकडा :
चार्जरला जोडलेली बॅटरी १३.८ व्होल्टवर असते. १० ओहमने ओळीतला करंट ३५०च्या पुढे जाईल. २२ ओहम, २ वॉट घाला. बॅटरी उतरल्यावर उजेड कमी पडेल, पण एलईडी जळणार नाहीत.

झुळूक :
अर्ध्या तासाने रेझिस्टरवर २.४५, म्हणजे २४५ मिलीअँपिअर. पट्टी गरम आहे, पण हात ठेवता येतो. सुताराला यायला सांगितलंय. सह्यकडा, अनुताई, मनापासून आभार.