पाळी गेली म्हणजे मेंदूत प्रथिनं बनायची थांबतात?

पेशीवेडी: काल सांगलीकरांनी इथे लिहिलं, "पाळी गेली की इस्ट्रोजेन संपतं, मेंदूत प्रथिनं बनायची थांबतात, म्हणून बायका विसरतात." वाचून डोकं उठलं. प्रथिनं बनायची थांबली तर पेशी जगेल का? इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) पेशीतल्या ग्राहीला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी डीएनएवर ठराविक जागी बसते आणि कुठलं जनुक किती चालायचं ते बदलतं. काही प्रथिनं वाढतात, काही घटतात. याला वेळ लागतो. दुसरी वाट झटपट आहे. इस्ट्रोजेनमुळे पेशीत आधीच तयार असलेल्या आरएनएवरून (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) पीएसडी-९५ हे सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाचं प्रथिन बनायला लागतं. वूली आणि मॅकइवेन या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधले (मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग) चेतापेशींवरचे काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशी जोडल्या जातात ते बारीक उंचवटे, त्यांच्या चार-पाच दिवसांच्या प्रजननचक्रातच वाढतात, घटतात. आणि मेंदू स्वतःही इस्ट्रोजेन बनवतो, पुरुषांचासुद्धा!

सांगलीकर: उंदरांचं उंदरांपाशी ठेवा. माझी बायको पन्नाशीची, गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. आधी असं नव्हतं.

वरदा: दूध तुम्ही का नाही बघत? माझी आई अशीच विसरायची. डॉक्टर म्हणाले, "या वयात चालायचंच." वर्षभर तेच ऐकलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड निघालं. बाईचं काहीही दुखलं की पाळीवर ढकलायचं, हा खरा रोग आहे.

निशाचर: अगदी! माझ्या मावशीची छातीतली धडधडसुद्धा "पाळी जातेय" म्हणून सोडून दिली होती.

सांगलीकर: डॉक्टरांना शिव्या घालायला वेगळा धागा काढा. मुद्दा सोपा आहे. इस्ट्रोजेन कमी पडलं तर गोळी द्या.

पेशीवेडी: इतकं सोपं असतं तर! अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (पाळीशी संबंधित दुसरं संप्रेरक) एकत्र देऊन पाहिलं. २००३ मध्ये निकाल आला, डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका दुपटीच्या घरात गेला. पन्नाशीतल्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, हेही खरं. पण "कमी पडलं, भरून टाका" हे चालत नाही. वहिनींना रात्री घाम फुटतो का, झोप मोडते का, ते आधी विचारा.

सांगलीकर: झोप मोडते, दोन-दोनदा उठते. बरं बाई, "थांबतात" नाही, "बदलतात". झालं समाधान?

वरदा: माझं नाही. थायरॉइड तपासलंय का तिचं?