पौगंडावस्था, किशोरवय की आणखी काही?

किनाराकाठ
मानसशास्त्रात एम.ए. करतेय, रत्नागिरीत. प्रबंधासाठी वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांच्या मुलाखती घेतेय. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे टप्पे त्यांना कसे आठवतात, हा विषय. प्रश्नावली मूळ इंग्रजी, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. पाठ्यपुस्तकात आहे म्हणून 'adolescence'ला 'पौगंडावस्था' लिहिलं. उभादांड्याला एका आजींना विचारलं, "तुमची पौगंडावस्था कशी गेली?" त्या अंगणात सोलं वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तसला काय दुखणा माका कधी झाला नाय गो!"
सर म्हणतात 'किशोरावस्था' कर. त्याने काय साधणार? प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचा, ही अट आहे. सुचवा काहीतरी.

पाणिनीचा शेजारी
आजींचं काही चुकलं नाही. 'पौगंड' आपण भलत्याच वयाला चिकटवलाय. संस्कृतात पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन, अशी वाटणी सांगतात. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण-बलराम पौगंड वयात आले आणि गाई राखायला लागले, असं आहे. तिथे मिसरूड नाही, मुरुमं नाहीत. सहा-सात वर्षांची पोरं आहेत ती. तेव्हा 'कैशोर' किंवा 'किशोरावस्था' हाच शुद्ध शब्द. सर बरोबर आहेत.

दाभोळखाडी
शुद्ध कुणासाठी? मराठीत शंभरातले शंभर लोक पौगंड म्हणजे तेरा ते एकोणीसच समजतात. शब्दाने घर बदललं, आता त्याला जुन्या पत्त्यावर पत्रं कशाला पाठवायची?

पाणिनीचा शेजारी
शंभरातल्या एक आजी तर वरच भेटल्या, त्यांना दुखणं वाटलं.

मालवणी मुलूख
अगो बाय, सोप्या आसा. "वयात इलंस तेव्हा" असा विचार. आमच्याकडे चेडवाक 'शाणी झाली' म्हणतत, 'न्हाण इला' म्हणतत. झिलाक मिसरूड फुटता. आजयेक लगेच कळतला.

किनाराकाठ
कळेल, पण भलतंच कळेल. वयात येणं म्हणजे शरीराचा बदल, तो एका दिवसाचा. मला त्यानंतरची पाच-सहा वर्षं हवीत. शिवाय आमच्याकडे उलट भाषांतर करून घेतात: मूळ प्रश्नावली न पाहिलेला माणूस मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो आणि मग दोन्ही ताडून बघतात. ब्रिस्लिनने 1970 मध्ये मांडलेली पद्धत. 'वयात आलात तेव्हा' परत जाताना नेमकं पाळीवर जाऊन बसतं.

चाकरमान्याचा नातू
मुळात ती पाच-सहा वर्षं त्या बायांना मिळाली होती का? माझ्या आजीचं तेराव्या वर्षी लग्न. आदल्या दिवशी सागरगोटे, दुसऱ्या दिवशी चूल. मधे कुठली अवस्था घालणार? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉलने या वयावर जाडजूड ग्रंथ लिहिला 1904 मध्ये, अमेरिकेत. तिथे मुलं कारखान्यांतून शाळेत जायला लागली होती, तेव्हा 'मोठा नाही, लहानही नाही' असा काळ नजरेत आला. आमच्या वाडीत तो काळ हायस्कूलबरोबर आला. शब्द सापडत नाही कारण वस्तूच नव्हती.

दाभोळखाडी
हे जरा जास्त होतंय. शब्द नाही म्हणून अवस्था नाही? तेराव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीला राग, लाज, 'मी कोण' हे काही वाटतच नसेल? मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने आयुष्याचे आठ टप्पे सांगितले, त्यांतला पाचवा तोच, स्वतःची ओळख घडण्याचा. तिला तो प्रश्न सासूच्या नजरेखाली पडला एवढंच. विचारलंच नाही तर तुमच्या प्रबंधात "या बायांना पौगंडावस्था नव्हती" असा निष्कर्ष छापून येईल आणि तो प्रश्नावलीचा दोष असेल.

चाकरमान्याचा नातू
एरिक्सनने ते अमेरिकन पोरं बघून लिहिलं.

दाभोळखाडी
तिथल्या सू आणि युरोक या आदिवासींमध्येही राहून आला होता तो. वाचून बोला.

परसदार
भांडण चालू दे, कामाचं सांगते. मी अशा मुलाखती केल्यात. अवस्थेचं नाव घेऊच नये. वयही विचारू नये, कुणालाच आठवत नाही. घटना धरायची. कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967, पहाटेचा) तेव्हा तू माहेरी होतीस की सासरी? कडेवर पोर होतं का? मुंबईच्या प्रवासी बोटी बंद झाल्या तेव्हा? गिरण्यांचा संप लागला (1982) तेव्हा मुंबईची मनीऑर्डर थांबली का? दोन-तीन खुंट्या सापडल्या की बाकीचं आयुष्य बाई स्वतःच टांगत जाते. एका काकींना वय अजिबात सांगता येईना, पण भूकंपाच्या रात्री मडकी फुटली त्यातलं लोणचं कुठल्या आंब्याचं होतं तेही सांगितलं. आणि एक लक्षात ठेव: म्हातारपणी माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, हे पुन्हापुन्हा दिसलंय. तुला हवा तो काळ त्यातच आहे. नाव न घेताही त्या तिथेच जाणार.

किनाराकाठ
हे वापरते. पण शीर्षकात काहीतरी शब्द लागेलच ना? विषयाचं नावच 'वैकासिक मानसशास्त्र' (वयानुसार माणूस कसा बदलतो, त्याचं शास्त्र) आहे, ते तरी कुठे कळतं कुणाला.

पाणिनीचा शेजारी
'वैकासिक' व्याकरणाने ठीक आहे. 'विकासात्मक' मात्र सरकारी वाटतं, रस्ते-गटारं डोळ्यांपुढे येतात.

मालवणी मुलूख
आणि म्हाताऱ्याचो कसलो विकास? गुडघे गेले, दात गेले. ह्येका विकास म्हणतत?

परसदार
म्हणतात. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टिसचं म्हणणं तेच होतं की विकास म्हणजे नुसती वाढ नाही, प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं. ऐंशीव्या वर्षी पियानिस्ट रुबिनस्टाइन कमी रचना वाजवायचा, त्यांचा सराव जास्त करायचा आणि जलद भागाआधी मुद्दाम संथ वाजवायचा, म्हणजे पुढचं जलद वाटेल. हे उदाहरण तो द्यायचा. आमचा तांडेल (होडीचा प्रमुख) म्हातारा झाल्यावर जाळं ओढत नव्हता, पण पाण्याचा रंग बघून "आज नको" म्हणायचा तोच.

मालवणी मुलूख
मग 'विकास' नको, 'पिकणा' म्हणा.

बोर्डीची
नवे शब्द हवेत तर आमच्याकडे या. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यांवरच्या अंगणात नेली. तिथून 'अंगणवाडी'. सरकारने 1975 मध्ये बालविकास योजना काढली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. समितीत बसून कुणी घडवला नाही, अंगण होतं म्हणून झाला.

दाभोळखाडी
'बालवाडी'ही त्यांचीच ना? त्याआधी काय म्हणायचे? आमच्या वडलांच्या तोंडी 'बिगरी' होतं.

चाकरमान्याचा नातू
बिगरी म्हणजे 'बिगर इयत्ता', इयत्तेशिवायचा वर्ग. माझा अंदाज.

पाणिनीचा शेजारी
अंदाजच आहे तो. असे अंदाज केले तर 'पौगंड' म्हणजे पोरांचा न्यूनगंड होईल.

चाकरमान्याचा नातू
मग तुमची व्युत्पत्ती सांगा की.

पाणिनीचा शेजारी
शोधतो. तोवर ठाम बोलू नका.

मालवणी मुलूख
आमच्याकडे बिगरी-बिगरी काय नाय. धुळपाटी. फळयेर बारीक धूळ पसरायची, बोटान अक्षर काढायचा, चुकला तर पुसायचा. माझ्या आजोबांची माळ्यार पडलेली आसा, लाल रंगाची.

बोर्डीची
खरंच? फोटो टाका. आणि पाटीवर कडेने खाच आहे का, ते बघा.