आजोबांच्या वहीत दुबईचा रेट १९६४ ला १:१ आणि १९६६ ला एकदम दीडपट, हे कसं काय?

खेडचा_पोरगा
नमस्कार मंडळी. माळा साफ करताना आजोबांची दुबईची हिशेबाची वही सापडली. ते १९५९ ला गेले आणि ७४ ला कायमचे परत आले. वहीत डावीकडे "पाठवले" आणि उजवीकडे "पोचले" असे दोन रकाने आहेत. १९६४ च्या पानावर डावीकडे रु. १०० आणि उजवीकडे पण रु. १००, कमिशन खाली वेगळं लिहिलंय. पण नोव्हेंबर ६६ ला डावीकडे ७० रियाल आणि उजवीकडे रु. ११०! रियाल तर सौदीचा ना, आजोबा तर सौदीला कधी गेलेच नाहीत. मला सगळ्याचा दिरहममध्ये हिशेब लावायचा होता पण कन्व्हर्टरवाल्या साइटी इतक्या मागचं काही दाखवतच नाहीत. जुना रेट कुठं मिळेल?

फुकटचा_सल्ला
मिळणारच नाही भाऊ, दिरहम आला मे १९७३ मध्ये. बाकी बघा तेव्हा रुपया काय ताकदीचा होता, दुबईच्या बरोबरीनं! ४७ साली तर एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, आता बघा काय हाल केलेत.

चिल्लरशेठ
वरचं व्हॉट्सॅपवरचं ज्ञान बाजूला ठेवा. ४७ ला डॉलर साधारण ३ रु. ३० पैशांना होता आणि १९४९ पासून ४.७६ ला. आणि दुबईचा रुपया "बरोबरीचा" नव्हता, तो आपलाच रुपया होता! कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडं बाजारात भारतीय रुपयाच चालायचा. १९६० चं एखादं पाकीट सापडलं तर तिकीट नीट बघा, इंग्लंडच्या राणीचा फोटो आणि त्यावर किंमत नये पैशांत छापलेली असते. म्हणून आजोबांनी १०० पाठवले आणि १०० पोचले, रेट नावाची भानगडच नव्हती.

फक्त १९५९ ला एक बदल झाला. तिकडं सोनं घ्यायचं, इकडं चोरून आणायचं आणि पैसे रुपयांत द्यायचे असा धंदा जोरात होता. ते रुपये फिरून रिझर्व्ह बँकेकडं यायचे आणि त्याबदल्यात आपल्याला पौंड मोजून द्यावे लागायचे. म्हणजे सोनं खाल्लं तस्करांनी आणि परकीय चलन गेलं सरकारचं. मग आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, किंमत तीच पण रंग वेगळा आणि नंबरच्या आधी इंग्रजी झेड. त्या भारतातल्या दुकानात चालत नव्हत्या. दहाची लाल होती, शंभराची हिरवी. आजोबा ५९ ला गेले म्हणताय म्हणजे पगार याच नोटांत घेतला असणार. ट्रंकेत बिंकेत असेल तर शोधा, आणि सापडली तर कृपा करून लॅमिनेट करू नका, लोक हाच घोळ करतात.

खेडचा_पोरगा
बाप रे, हे माहीतच नव्हतं. पण मग ६६ चे ७० रियाल?

आखाती_कोकणी
६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ चा साडेसात झाला. आखातातला रुपया आपल्याच रुपयाला बांधलेला म्हणजे दिल्लीत ठरलं आणि दुबईत बसलेल्या माणसाचा पगार रातोरात घसरला. तिकडचे शेख थांबतील कशाला. कुवेतनं १९६१ लाच दिनार काढलेला, एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश, बहारीननं ६५ ला काढला दहा रुपयांचा. दुबई आणि कतारनं काही दिवस सौदी रियालवर भागवलं आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून स्वतःचा रियाल आणला, तो घसरण्याआधीच्या जुन्या रुपयाच्या भावाला. तुमच्या आजोबांचा रियाल तो.

आता भागा ७.५० ला ४.७६ नं, १.५७५ येतात. त्याला ७० नं गुणा. ११० रुपये २५ पैसे! आजोबांनी वरचे पंचवीस पैसे सोडले किंवा वाटेत कुणीतरी ठेवले 😄

दिरहम हा त्याच रियालचा पुढचा अवतार, ७३ ला एकास एक बदलून दिला. म्हणजे सुरुवातीच्या रुपयालाच नावं बदलत बदलत दिरहम म्हणतात असं धरा. पुढचा रेट काढायला सोपी युक्ती आहे, दिरहम कित्येक वर्षं डॉलरला बांधलेला आहे, ९७ पासून तर ३.६७२५ वर खिळाच ठोकलाय, त्यामुळं त्या वर्षीचा डॉलरचा रुपयातला भाव घ्या आणि ३.६७ नं भागा. १९९१ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतरानं रुपया खाली आणला तेव्हा दिरहम पावणेसहाचा सातच्या आसपास गेला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये साडेअठरा, २०२२ ला बावीसच्या वर. आमच्याकडं तेव्हा लोक पगार झाला तरी पैसे पाठवायला थांबायचे, अजून पडेल अजून पडेल करत, आणि घरून फोन, अरे हप्ता भरायचाय पाठव आधी!

फुकटचा_सल्ला
बरं ते ४७ चं मागे घेतो. पण मस्कतचं काय?

चिल्लरशेठ
मस्कतनं रुपया सगळ्यात उशिरा सोडला, १९७० ला. एक सईदी रियाल (मस्कतचं नवं चलन, सौदीचा नव्हे) म्हणजे एकवीस रुपये, पण हे घसरलेले रुपये बरं का.

खेडचा_पोरगा
मंडळी, ट्रंक उघडली. तळाशी जुन्या पासपोर्टात लाल दहाची नोट, नंबरच्या आधी झेड! हात थरथरत होता. चिल्लरशेठ, एक वाईट बातमी आहे, बाबांनी १९९८ सालीच लॅमिनेट करून ठेवलीय.