शब्दचर्चा: ‘धोका’ आणि ‘जोखीम’ एकच का?

प्रश्न: सोसायटीसाठी भूकंप विम्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ दोन्हींना मी ‘धोका’च लिहिलंय. चालेल का?

प्रतिसाद: नका लिहू. धोका जमिनीत असतो; जोखीम असते ती तिच्यावर आपण जे उभं केलंय त्याची. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण घरं? मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ते गळू नये, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून वरचेवर मातीचा थर चढायचा. टनावारी वजन, खाली झोपलेली माणसं. धोका कमी धरलेला, जोखीम प्रचंड.

आमच्याकडे आजी सोन्यालाच ‘जोखीम’ म्हणायची: ‘एवढी जोखीम घेऊन एसटीत बसू नको गं.’ हा जुना अर्थ मला फार नेमका वाटतो. गमावण्यासारखं काही असेल तरच जोखीम. ओसाड माळाखाली भूकंप झाला तर विमा कंपनीला काय हिशोब करायचाय?

प्रश्न: आणि ‘हानी’ की ‘नुकसान’?

प्रतिसाद: जीव गेला तर हानीच म्हणतात; पैशात मोजता येतं त्याला ‘वित्तहानी’ही म्हणतात, पण रोजचा शब्द नुकसान. म्हणून ‘जीवितहानी’ आणि ‘नुकसानभरपाई’. ‘जीवितनुकसान’ किंवा ‘हानीभरपाई’ कुणी म्हणत नाही. विम्याच्या कागदात ‘नुकसान’च ठेवा.

दुसरा प्रतिसाद: ‘हप्ता’ शब्दही जपून वापरा. कर्जाचा हप्ता फेडून संपतो, विम्याचा हप्ता म्हणजे जोखमीची किंमत. ती कशी निघते ते उदाहरणानं सांगतो, आकडे सोयीचे घेतलेत. घर पुन्हा बांधायला 30 लाख लागतात (जागेची किंमत यात धरायची नाही, जमीन कुठे पडते?). भूकंपात त्याचं पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे 6 लाखांचं नुकसान होईल आणि तसा भूकंप व्हायची शक्यता वर्षाला हजारात एक. 6 लाख भागिले हजार, म्हणजे वर्षाला सरासरी 600 रुपये. खरा हिशोब लहानमोठ्या सगळ्या भूकंपांची अशी बेरीज करतो. पण 600वर भागत नाही. गाड्या वर्षभर इथेतिथे एकेक ठोकतात, त्यामुळे गाडीच्या विम्याचे दावे विखरून येतात. भूकंपात अख्ख्या शहराचे दावे एकाच दिवशी येतात. ते पेलायला विमा कंपनीला स्वतःच दुसऱ्या कंपनीकडे विमा, म्हणजे पुनर्विमा, घ्यावा लागतो, त्याचा खर्चही हप्त्यात येतो.

आणि ‘475 वर्षांचा भूकंप’ असं नुसतं लिहू नका. लोकांना वाटतं, एकदा झाला की 475 वर्षं निवांत. त्याचा अर्थ, कुठल्याही 50 वर्षांत तेवढा किंवा त्याहून मोठा हादरा बसायची शक्यता सुमारे 10 टक्के.

मूळ प्रश्नकर्ता: मनापासून आभार. वाक्य असं बदललंय: ‘आपल्या भागाचा भूकंपाचा धोका आपण कमी करू शकत नाही; पार्किंगमधले कमकुवत खांब मजबूत केले तर इमारतीची जोखीम कमी होते.’