जुनी पिकअप मधूनच थरथरते: तुमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

क्रेटवाला

आमची पिकअप 2009 ची. जुन्नर भागातून वाशीला टोमॅटो नेते, येताना रिकामे क्रेट आणते. मागच्या हंगामात तिला थरथरायची खोड लागली, तीही फक्त परतताना. भरलेली असताना लोण्यासारखी जायची. रिकामी होऊन मुरबाड सोडलं आणि काटा 55 वर गेला की सीटखालून घूंऽऽ सुरू. 70 ला बंद. गॅरेजात नेली की मात्र एकदम शहाणी.

दोन टायर नवे घातले, बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंट केली. फरक शून्य. शेवटी एका मिस्त्रीला रिकाम्या गाडीत बसवून आळेफाट्यापर्यंत फिरवला. उतरून तो खाली वाकला आणि पहिलाच प्रश्न, "हे दोन पाटे कधी चढवले?" मागच्या स्प्रिंगचे ते जादा पाटे माल जास्त बसावा म्हणून आदल्या वर्षी चढवले होते. त्यामुळे रिकामी गाडी मागून उचललेली राहायची आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) कोन बिघडायचा. माल भरला की मागची बाजू बसायची, कोन जुळायचा. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉसही सुकलेला, टोपीभोवती कुंकवासारखी तांबूस भुकटी साचली होती. वाढवलेले पाटे काढले, क्रॉस आणि शाफ्टला मधे धरणारं सेंटर बेअरिंग नवं घातलं. थरथर गेली. आता माल कमी भरतो, ते एका अर्थी बरंच झालं.

तुमचेही अनुभव येऊ द्या. गाडी *कधी* थरथरायची ते आधी लिहा, काय बदललं ते मागून.

जुना मिस्त्री

"कधी" हेच कुणी सांगत नाही हो. गिऱ्हाईक यायचं, चावी टाकायचं, "व्हायब्रेशन येतंय, संध्याकाळी नेतो." मी विचारायचो, हातात येतंय का बुडाखाली? स्टेअरिंगला असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची चाकं नाहीतर शाफ्ट. मग मोकळ्या रस्त्यावर त्याच स्पीडला चौथ्याऐवजी पाचवा गिअर टाकून बघायचा. थरथर बदलली तर इंजिनाकडे बघा. तशीच राहिली तर इंजिनाला हात लावू नका, चाकं आणि शाफ्ट बघा.

आणखी एक हिशोब. पिकअपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे ताशी 60 ला सेकंदाला सात-आठ फेरे. शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो, तिशीच्या आसपास. म्हणून चाकाची ती धडधड असते, जवळजवळ मोजता येते. शाफ्टची गुणगुण. क्रेटवाल्यांनी "घूं" लिहिलंय, तिथेच उत्तर होतं. टायरवाल्याने नवे टायर विकले त्याला काय करणार!

शाफ्ट उतरवताना दोन्ही भागांवर खडूने नको, पंचने खूण मारा. स्लिप जॉइंटचे (शाफ्टचे दोन भाग जिथे एकमेकांत सरकतात तो सांधा) दात चुकून बसले की नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. हा गाढवपणा मी स्वतः केलाय.

वाईची

आमची स्ट्रॉबेरीची गाडी. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना अर्ध्यावर आलं की ब्रेकला स्टेअरिंग नाचायचं, पायाखाली पेडल धडधडायचं. वाईत पोचून चहा होईपर्यंत सगळं शांत. बाबांचं ठरलेलं, "रस्ताच खराब आहे."

एकदा घाट उतरल्या उतरल्या मी चारही चाकांजवळ तळवा नेला (जवळ, लावायचा नाही). पुढचं डावं तव्यासारखं तापलेलं, बाकीची कोमट, आणि करपल्याचा वास. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना जाम झाल्या होत्या, पॅड डिस्कला सोडतच नव्हते. पिना साफ करून ग्रीस लावलं. डिस्क लेथवर घासून देतो म्हणाले, पण मोजली तर जाडी आधीच किमान मापाखाली, म्हणून जोडीने नव्या घातल्या. बाबा अजून सांगतात की रस्ता दुरुस्त झालाय.

ऊसकरी

पावसात शेतातून गाडी आणली की दुसऱ्या दिवशी 60 ला हात थरथरायचे, चार दिवसांनी आपोआप बंद. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा वाळून बसायचा. पाईप मारला, संपलं.

आंबेवाला

माझं उलटं, गाडी चालताना नाही, इंजिनच थरथरायचं. आंबा घाट चढताना गचके, झटके, बंद पडेल असं वाटायचं. वर पोचून सपाटीला लागलं की ठीक. डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले, फिल्टर बदलला, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे रबर बदलले. दोन आठवड्यांनी परत तेच. बायकोने काढलं शोधून. ती डिझेलचा हिशोब लिहिते, म्हणाली, "टाकी भरल्यावर हे कधी झालंय का?" वही उघडली. एकदाही नाही! प्रत्येक वेळी काटा पावच्या खाली.

मिस्त्रीने फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. गाडी चढावर लावली तर नळीतून बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. टाकीत उतरणाऱ्या नळीला खालच्या बाजूला गंजून बारीक भोक पडलं होतं. डिझेल भोकाच्या वर तोवर ठीक, खाली गेलं आणि चढाला मागे सरकलं की हवा ओढायची.

जुना मिस्त्री

वहिनींना आमच्या गॅरेजात पाठवा.

ह्यूस्टनकर

इकडे माझा जुना ट्रक आहे, पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेला. पुलाच्या सांध्यावरून ताशी 45-50 मैलांनी गेलो की पुढची चाकं अशी डुगडुगायची की स्टेअरिंग हातातून सुटेल. एकच मार्ग, हळूहळू वेग कमी करणे. इकडची मंडळी याला "डेथ वॉबल" म्हणतात. स्टेअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर बदलला, दोन महिने आराम, मग पुन्हा. दुखणं झाकलं होतं फक्त. शेवटी मुलाला आत बसवून इंजिन चालू ठेवलं, त्याला स्टेअरिंग डावं-उजवं थोडंथोडं हलवायला सांगितलं आणि मी खाली पडून बघत राहिलो. ट्रॅक बारचा (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बोल्ट भोकात मागेपुढे सरकत होता, भोक लांबट झालेलं. ब्रॅकेट नवी बसवली. हे एकट्याने दिसत नाही.

नवीन भिडू

सगळं वाचून काल गाडीखाली गेलो. क्रॉस टाईट, पाटे ठीक, शाफ्टला खेळ नाही. आमची खड्ड्यानंतरच थरथरते, दोन-तीन सेकंद, आणि मग गप्प. तासभर काही सापडेना. बाहेर सरकताना डोकं स्टेपनीला आपटलं तर ती लोंबकळली. साखळी एक कडी सैल होती.